जुना लॅपटॉप, कॅडचा पीसी आणि अपसॅम्पलिंग फिल्टर: कुणाला काय झेपतं?

उद्यमनगरी (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. डिजिटल ऑडिओवर इथं आधीच बरंच दळण दळून झालंय, तेव्हा "कुठला फिल्टर गोड वाजतो" हे विचारत नाही. माझ्याकडच्या यंत्रांना कुठला अपसॅम्पलिंग फिल्टर (आवाजाच्या नमुन्यांचा दर वाढवणारं गणित) झेपेल आणि त्यातला कुठला लावण्यात राम आहे, एवढंच हवंय.

सामान असं:
लॅपटॉप: आय५-८२५०यू, ८ जीबी रॅम, विंडोज १०.
पीसी: रायझन ७ ५८००एक्स, आरटीएक्स ३०६०. पॅटर्नच्या कॅडसाठी घेतला होता. कारखान्यात नवीन मशीन आलं म्हणून हा राजारामपुरीत घरी आणलाय.
डॅक (डिजिटल फाइलीचा अ‍ॅनालॉग आवाज करणारा): यूएसबी, आत ईएस९०३८क्यू२एम चिप. पीसीएम (नेहमीचे नमुने) ७६८ किलोहर्ट्झ आणि डीएसडी५१२ (एकेका बिटाचा वेगवान प्रवाह) पर्यंत घेतो असं खोक्यावर छापलंय.
शिवाय एक रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक) ड्रॉवरमध्ये पडून आहे.

एचक्यूप्लेअर या अपसॅम्पलिंग करणाऱ्या प्लेअरची ट्रायल टाकली (दर अर्ध्या तासानं थांबते, परत सुरू करायची). लॅपटॉपवर सिंक-एल फिल्टर आणि डीएसडी२५६ लावलं की सुरुवात झकास होते आणि थोड्या वेळानं टक्-टक् चालू. टास्क मॅनेजर म्हणतो सीपीयू ३५ टक्के. मग अडतंय कुठं?

ऐकणं बहुतेक शास्त्रीय, सीडीवरून काढलेल्या ४४.१ च्या फ्लॅक फाइली. थोडी नवी सिनेमाची गाणी, पोरांसाठी.

तांबडा_पांढरा
पयला!
भावा, ८२५०यू वर सिंक-एल म्हणजे लुनावर ऊस भरून कारखान्याला निघाल्यागत हाय. शिरोळचा माणूस सांगतोय, लुना बी बघितलीय आणि ऊस बी.

शून्य_डेसिबल
३५ टक्क्यांचं कोडं सोपं आहे. तो आकडा सगळ्या धाग्यांची सरासरी दाखवतो (आपला हा धागा नव्हे, प्रोसेसरचे). ८२५०यू मध्ये ४ कोअर, ८ धागे. एक धागा पूर्ण पिळून निघाला तरी टास्क मॅनेजरमध्ये दिसणार साडेबारा टक्के. परफॉर्मन्सच्या पानावर आलेखावर राइट क्लिक करा, लॉजिकल प्रोसेसर निवडा. आठ छोट्या चौकटी दिसतील. त्यातल्या दोन छताला टेकलेल्या असणार, पैज लावतो.

त्या दोन म्हणजे डावा आणि उजवा चॅनल. डीएसडी बनवणारा मॉड्युलेटर फीडबॅकवर चालतो, पुढचा बिट काय असावा हे आधीचे बिट ठरल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे एका चॅनलचं काम चार कोअरमध्ये वाटून देता येत नाही. डीएसडी२५६ म्हणजे सेकंदाला १ कोटी १२ लाख ८९ हजार ६०० बिट, प्रत्येक चॅनलला. इथं कोअर किती यापेक्षा एक कोअर किती जोरात पळतो हेच चालतं.

आणि "थोड्या वेळानं" का? ही १५ वॅटची चिप आहे. सुरुवातीला ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत उसळते, मग वीज आणि उष्णतेची मर्यादा आली की खाली येते. मूळ वेग १.६ च आहे. एप्रिलमध्ये दुपारी ऐकत असाल तर विचारूच नका.

उद्यमनगरी
बघितलं. दोन चौकटी खरंच छताला. पैज जिंकलात, कट वडा माझ्याकडून.

खर्ज
जरा मुळापासून, कारण नवीन वाचणारेही असतील.

४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलीत २२.०५ पर्यंतच आवाज मावतो. डॅकमधून नमुने जसेच्या तसे बाहेर काढले तर २२.०५ च्या वर मूळ आवाजाच्या आरशातल्या प्रती तयार होतात. त्या गाळायच्या, तर २० आणि २२.०५ च्या मधल्या चिंचोळ्या जागेत खटकन कापणारा फिल्टर हवा. तो अ‍ॅनालॉगमध्ये बनवणं महाकठीण, म्हणून आधी नमुन्यांचा दर वाढवायचा, डिजिटलमध्ये गाळायचं आणि अ‍ॅनालॉगला सोपं काम ठेवायचं. १९८२ मध्ये सीडी आली तेव्हापासून हेच चाललंय. फिलिप्सचे पहिले प्लेअर १४ बिटांचा डॅक आणि ४ पट ओव्हरसॅम्पलिंग घेऊन आले होते.

तेव्हा तुमच्या डॅकमध्येही फिल्टर आहेच. ईएस९०३८क्यू२एम मध्ये तयार सात फिल्टर येतात. संगणकात अपसॅम्पलिंग करतो तेव्हा आपण एवढंच म्हणतो, की चिपमधल्या छोट्या फिल्टरपेक्षा माझ्या सीपीयूवरचा लांब फिल्टर हे काम नीट करेल. कधी हे खरं असतं, कधी त्यानं काडीचा फरक पडत नाही.

नाइक्विस्ट_काका
बहुतेक वेळा काडीचा फरक पडत नाही, हे मोठ्या अक्षरात लिहा. आजच्या कुठल्याही बऱ्या चिपचा फिल्टर कानाच्या पलीकडे स्वच्छ आहे. आमच्या पुण्यात एकानं अपसॅम्पलिंगसाठी दीड लाखाचा पीसी बांधला. स्पीकर भिंतीला चिकटून, खोलीत एक सतरंजीसुद्धा नाही. आधी खोली बघा.

तांबडा_पांढरा
काका, पुण्यात खोली बघायलाच दीड लाख डिपॉझिट लागतंय, सतरंजीला पैसे कुठनं आणायचं?

नाइक्विस्ट_काका
😄 मान्य. मुद्दा मात्र तोच.

जवारी
काकांशी अर्धी सहमत. मी मिरजेची, तानपुऱ्यांच्या गल्लीच्या आसपासच वाढले, त्यामुळे माझी परीक्षा ठरलेली: एकट्या तानपुऱ्याची चांगली रेकॉर्डिंग आणि एकल तबला. तानपुऱ्याच्या सलग झंकारात लिनिअर फेज आणि मिनिमम फेज या फिल्टरच्या दोन प्रकारांत मला आजवर काहीही वेगळं ऐकू आलेलं नाही. तबल्याच्या चाटीवर फरक वाटायचा. मग फूबार प्लेअरमधल्या एबीएक्स चाचणीनं डोळे झाकून करून पाहिलं, आवाजाची पातळी नीट जुळवून. फरक गायब.

तरी मी अपसॅम्पल करून ऐकते. का, ते विचारू नका, देवळात जाणाऱ्याला कुणी विचारत नाही.

खर्ज
जवारीताई, पातळी जुळवून हे महत्त्वाचं सांगितलंत. अपसॅम्पलर लावताना हेडरूम म्हणून आवाज ३ डेसिबल कमी केला जातो, आणि मग "फिल्टरशिवाय जास्त जिवंत वाटतं" असे शोध लागतात. मोठा आवाज कानाला नेहमीच बरा वाटतो.

पण ते ३ डेसिबल काढू नका. आजकालची सिनेमाची गाणी शून्याला घासून मास्टर केलेली असतात. नमुने शून्याच्या आत असले तरी त्यांच्या मधून जाणारी खरी लहर शून्याच्या वर उसळी मारते. अपसॅम्पलर नेमके हेच मधले बिंदू काढतो, आणि जागा ठेवली नसेल तर डोकं कापलं जातं. सिंक-एल लावा नाहीतर फुकटचा सॉक्स रीसॅम्पलर, जागा ठेवणं दोघांनाही चुकत नाही.

पंचगंगा_घाट
प्री-रिंगिंगचं काय पण? लिनिअर फेजमध्ये ठोक्याच्या आधीच लहर उठलेली चित्रात दिसते. ठोका पडायच्या आधी आवाज, हे निसर्गात कुठं असतं?

खर्ज
चित्र खरं आहे, पण ते चित्र एका नमुन्याच्या टाचणीचं असतं. असा सिग्नल नीट रेकॉर्ड केलेल्या फाइलीत येतच नाही, कारण रेकॉर्डिंगच्या वेळी २२.०५ च्या वरचं आधीच गाळलेलं असतं. आणि ती लहर असते २२.०५ किलोहर्ट्झच्या आसपासची. माझं वय ५२. मला १३ च्या वर ऐकू येत नाही, माझ्या मांजराला विचारा.

मिनिमम फेजमध्ये ती ठोक्याआधीची लहर ठोक्यानंतर ढकलली जाते, बदल्यात वरच्या पट्टीत फेज थोडी सरकते. ज्याला जे आवडेल ते लावावं. सीपीयूच्या दृष्टीनं दोन्ही सारखेच.

गगनबावडा
खरा प्रश्न बाजूला पडतोय. धागाकर्त्यांच्या चिपबद्दल बोलू.

ईएसएसच्या या चिपा डीएसडी आला तरी तो तसाच बाहेर सोडत नाहीत, आतल्या प्रक्रियेतूनच नेतात. तुम्ही सीपीयूला घाम फोडून डीएसडी२५६ बनवणार आणि चिप ते परत आपल्या साच्यात घालणार. एकेएम कंपनीच्या एके४४९३ सारख्या चिपेत डीएसडी थेट बाहेर नेण्याची सोय आहे, तिथं मॉड्युलेटरवर खर्च केलेली ताकद निदान पोचते तरी. तुमच्याकडे ती नाही. म्हणून माझं स्पष्ट मत: डीएसडी सोडा, पीसीएम ७०५.६ लावा. मॉड्युलेटरचं ओझंच गेलं, उरला फक्त फिल्टर, आणि तो या लॅपटॉपला झेपू शकतो.

फिल्टर एचक्यूप्लेअरमधलाच पॉली-सिंक-गॉस-लाँग. तो अडकला तर नावापुढं टूएस लावलेले फिल्टर बघा. त्यात दर दोन टप्प्यांत वाढवतात. पहिल्या टप्प्यात लांबलचक फिल्टर, कारण खटकन कापायचं काम तिथंच असतं. त्यानंतर आरशातल्या प्रती इतक्या लांब गेलेल्या असतात की दुसऱ्या टप्प्याला साधा, आखूड फिल्टर पुरतो. काम बरंच कमी होतं आणि गुणवत्तेत हरवण्यासारखं फारसं काही नसतं.

आणि "ऑटो रेट फॅमिली" चालू ठेवा. ४४.१ ची फाइल ८८.२, १७६.४, ३५२.८, ७०५.६ या घराण्यातच वाढवा. ४८ ची ९६, १९२, ३८४, ७६८ मध्ये. ४४.१ वरून ४८ च्या घराण्यात उडी मारायची तर गुणोत्तर १६०:१४७ असं तिरपागडं येतं, सीपीयूला उगाच जास्त काम.

पंचगंगा_घाट
घराण्याबाहेर लग्न केलं की खर्च वाढतोच.

उद्यमनगरी
गगनबावडा, हे उत्तम. पण मग ३०६० चा काही उपयोग नाही का? एवढं ग्राफिक कार्ड घरात आणलंय, घरात विचारणा चालू आहे.

शून्य_डेसिबल
आहे, पण कशाला ते समजून घ्या. फिल्टर म्हणजे गुणाकार-बेरजांची लांबच लांब रांग, आणि त्या एकमेकींवर अवलंबून नसतात. हजार कामगारांना वाटून देता येतात. ग्राफिक कार्डाला हे आयतंच खाद्य. एचक्यूप्लेअरमध्ये कुडा चालू केलं की फिल्टरचं काम एनव्हिडियाच्या कार्डावर जातं. मॉड्युलेटरचं वर सांगितलं तसं, तो एकापाठोपाठ एकच चालतो, तिथं कार्ड हात वर करतं. म्हणून ज्यांना ईसी (जास्त गणित करणारे) मॉड्युलेटर आणि डीएसडी२५६-५१२ हवं त्यांना जास्त गिगाहर्ट्झ लागतात. ज्यांना फक्त लांब फिल्टर हवेत त्यांना कार्ड किंवा मोठी कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी).

कॅश म्हणालो कारण लांब फिल्टरचे गुणांक कुठंतरी ठेवावे लागतात. ते एल३ कॅशमध्ये मावले तर भराभर, नाहीतर रॅमपर्यंत हेलपाटे. ५८००एक्सला ३२ एमबी एल३ आहे, तुमच्या लॅपटॉपला ६.

नाइक्विस्ट_काका
आणि लांब फिल्टरचा उशीर कुणी सांगितलाच नाही. कॉर्ड कंपनीच्या एम स्केलर या अपसॅम्पलरमध्ये १०,१५,८०८ टॅप (फिल्टरचे गुणांक) आहेत. ७०५.६ किलोहर्ट्झवर एवढे टॅप म्हणजे जवळजवळ १.४ सेकंदांची लांबी, लिनिअर फेज असेल तर त्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे ०.७ सेकंद उशीर. गाणं ऐकताना हरकत नाही. टीव्हीचा आवाज त्यातून नेलात तर नायक ओठ मिटून बसलेला आणि संवाद चालू.

तांबडा_पांढरा
आमच्याकडं डब सिनेमे बघून सवय हाय काका, चालतंय.

कसबा_बावडा
गरिबांसाठी दोन शब्द. मी काही विकत घेतलेलं नाही. लिनक्स, जुना डेस्कटॉप, एमपीडी प्लेअर आणि त्यात सॉक्सआर, व्हेरी हाय क्वालिटी. ४४.१ वरून १७६.४. सीपीयूचा पंखासुद्धा जागा होत नाही. पाय ४ वर मूडी ऑडिओ ही प्लेअर प्रणाली टाकली तर हेच मेनूतून करता येतं, तेही पाच-सहा वॅटमध्ये. विंडोजवाल्यांना फूबारमध्ये सॉक्सचा रीसॅम्पलर मिळतो.

एक लक्षात ठेवा, वाटेत दुसरं कुणी ढवळाढवळ करत नाही ना. विंडोजचा मिक्सर सगळं एका ठरावीक दरावर आणून ठेवतो, म्हणून वासापी एक्सक्लुझिव्ह नाहीतर एएसआयओ (मिक्सर टाळून थेट डॅकला देणारे मार्ग) लावा. लिनक्सवर पाइपवायर (तिथली आवाजाची व्यवस्था) मुळात ४८ वर चालतं, त्याच्या कॉन्फिगमध्ये अलाउड-रेट्स भरावे लागतात. नाहीतर तुम्ही लाखमोलाचा फिल्टर लावणार आणि शेवटी फुकटचा दुसराच कुणीतरी सगळं ४८ करून ठेवणार.

जवारी
कसबा_बावडा यांना अनुमोदन. माझंही सॉक्सच आहे.

आणखी एक, कोल्हापूरकरांसाठी खास. केसरबाई केरकरांच्या, किंवा त्यांच्या गुरूंच्या म्हणजे अल्लादिया खाँसाहेबांच्या घराण्यातल्या जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून काढलेल्या फाइली ऐकत असाल तर हा सगळा धागा मिटवून टाका. त्या तबकड्यांवर वरच्या पट्टीत गाणं जवळजवळ नसतंच, असते ती खरखर. फिल्टरांची भांडणं २० किलोहर्ट्झच्या वरची. ज्या रेकॉर्डिंगमध्ये तिथं काही नाही, त्याला सिंक-एल काय आणि साधा सॉक्स काय.

पंचगंगा_घाट
आजोबा सांगायचे, देवल क्लबात (आपली कोल्हापूरची जुनी संगीत संस्था) मागच्या रांगेत बसूनसुद्धा तान स्पष्ट ऐकू यायची. तिथं कुठला डॅक होता?

खर्ज
तिथं गायक होता. 🙂

जवारीताईंना पुरवणी: ज्यांच्याकडे नॉस डॅक आहे, टीडीए१५४३ वगैरे, त्यांना मात्र अपसॅम्पलिंगनं मोजता येण्याइतका फरक पडतो. नॉसमध्ये आत फिल्टरच नसतो, प्रत्येक नमुना पुढच्या नमुन्यापर्यंत धरून ठेवायचा एवढंच. त्यामुळे ४४.१ वर २० किलोहर्ट्झला सुमारे ३.२ डेसिबल घट होते. तोच डॅक ३५२.८ घेत असेल तर ही घट ०.०५ वर येते, आणि आरशातल्या प्रतीही लांब जातात. जुन्या चिपा किती दर घेतात ते आधी बघा, सगळ्या इतक्या वर जात नाहीत. ज्यांना नॉसचा "मऊपणा" आवडतो त्यांना बहुधा ती ३ डेसिबलची घटच आवडत असते, पण हे त्यांच्या तोंडावर बोलू नये.

रंकाळा_खाऊगल्ली
माझ्याकडे नॉस आहे आणि मी हे वाचलंय.

खर्ज
रंकाळ्यावर भेटलात तर भेळ माझ्याकडून.

गगनबावडा
धागाकर्ते कुठं गेले? पावसानं लाईट गेली वाटतं.

उद्यमनगरी
आलो. लाईट गेली होती हे खरंय. आता आहे ते सांगतो.

लॅपटॉपवर पीसीएम ७०५.६, पॉली-सिंक-गॉस-लाँग, ऑटो रेट फॅमिली चालू, आवाज वजा ३. टक्-टक् बंद. चौकटींमध्ये एकही छताला नाही. पंखा मात्र ऐकू येतो, आणि आमच्या हॉलमध्ये लॅपटॉप खुर्चीपासून हातभरावर आहे. आलापात तो पंखा कानात बसतो.

पीसीवर सिंक-एल, कुडा चालू, तोच दर. सहज चालतं. पण तो हॉलमध्ये ठेवायला घरातून परवानगी नाही, "हा डबा देवघराशेजारी नको" असा स्पष्ट निकाल आलाय.

दोन्ही आलटून पालटून ऐकले. मला फरक सांगता येत नाही, बायकोला तर मी काय बदललं हेही कळलं नाही.

शून्य_डेसिबल
मग पाय ४ बाहेर काढा. एचक्यूप्लेअरचा एनएए पायवर टाका, पाय डॅकजवळ ठेवा, पीसी आतल्या खोलीत. सगळं गणित पीसी करेल, पाय फक्त तयार माल डॅकला देईल. ७०५.६, ३२ बिट, दोन चॅनल म्हणजे सेकंदाला सुमारे ४५ मेगाबिट. लॅनच्या साध्या वायरीला काहीच नाही, पण वायफायवर अवलंबून राहू नका, तुमच्या भिंती जुन्या असतील तर.

कसबा_बावडा
किंवा एवढं सगळं न करता पायवरच सॉक्स, १७६.४. फरक ऐकू येत नाही असं तुम्हीच म्हणालात. एवढासा फिल्टर चालवायला पीसी आणि कार्ड मिळून १५० वॅट ओढत असतील तर रोज चार तासांचं ०.६ युनिट होतं. महिन्याला १८ युनिट.

नाइक्विस्ट_काका
या धाग्यात पहिल्यांदाच कुणीतरी कोल्हापुरात बसून पुणेरी बोललं.

जवारी
😂😂

उद्यमनगरी
ठरलं असं. रोजच्या ऐकण्याला पायवर मूडी, सॉक्स, १७६.४. पंखा नाही, डबा नाही. पीसी आतल्या खोलीत जाईल, पोरगा त्यावर गेम खेळायला टपलाच आहे. ट्रायल आहे तोवर रविवारी एनएए लावून सिंक-एल परत ऐकेन, या वेळी जवारीताई म्हणतात तसं पातळी जुळवून. एचक्यूप्लेअर विकत घ्यायचा की नाही ते त्यानंतर.

पंचगंगा_घाट
३०६० विकायचं असेल तर आधी इथं सांगा.

उद्यमनगरी
पोराला विचारून सांगतो.

वाडी_रत्नागिरी
उशिरा आलोय. माझ्याकडं मॅक मिनी एम१ आहे, डॅक एके४४९३ चा. ईसी मॉड्युलेटर डीएसडी२५६ ला झेपेल का? की नवीन धागा काढू?

गगनबावडा
नवीन धागा काढा. आणि कुठला फिल्टर, कुठला मॉड्युलेटर, दर किती, हे तिन्ही पहिल्याच पोस्टीत लिहा, नाहीतर पहिली वीस उत्तरं नुसती तांबडा-पांढऱ्याची येतील.